पश्चिमेला वळणारी डिश

सासऱ्यांनी गच्चीवर स्वतःची डिश बसवायचं जाहीर केलं, तेव्हा अंबरनाथच्या आमच्या गल्लीत केबल येऊन चांगली रुळली होती. या इमारतीवरून त्या इमारतीवर काळ्या तारा गेल्या होत्या आणि त्यांच्यावर कावळे बसत. मी सरळ विचारलं, "बाबा, केबलवाला एवढं दाखवतोय, मग आपल्याला वेगळी डिश कशाला?"

पेपर खाली न घेता ते म्हणाले, "केबलवाला त्याला हवं ते दाखवतो. मला पश्चिमेकडचं बघायचंय."

पश्चिमेकडचं म्हणजे मस्कतचं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. माझा नवरा तिथे एका कंपनीत यंत्रांच्या देखभालीवर होता. आमचं लग्न झालं, वर्षभरात सासूबाई गेल्या आणि पुढे थोड्याच महिन्यांत तो तिकडे गेला. घरात उरलो मी आणि बाबा. मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. बाबा अंबरनाथच्याच एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. आम्ही दोघंही तसे बोलके, पण एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे. मध्ये सासू नाही, नवरा नाही, नुसते सून आणि सासरे; अशा घरात भांड्यांचाच आवाज जास्त. पोळीची कड जाड झाली की ते बोटांनी चाचपून बघत आणि काही न बोलता खात. टूलरूममधली, बारीक मापं तपासण्याची सवय. त्यापेक्षा बोलले असते तर बरं, असं मला वाटायचं.

डिशची घोषणा झाली त्याच्या आधीच्या शुक्रवारी नवऱ्याचा फोन आला होता. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून फोनही शुक्रवारचा. फोन हॉलमध्ये, बाबांच्या खुर्चीला लागून. नवरा म्हणाला, "कंपनी फॅमिली व्हिसा द्यायला तयार आहे. शाळेचं वर्ष संपलं की ये. घरही मिळतंय." बाबा जवळ असले की मी त्याला अहो म्हणायची, एरवी अरे. मी म्हटलं, "अहो, बघू." त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा "बघू" म्हटलं. फोन ठेवला तेव्हा बाबांनी पेपरचं पान उलटलं. ते पान त्यांचं सकाळीच वाचून झालेलं होतं.

मला जायचं होतं. त्यात आडपडदा कशाला ठेवू? वर्गात नकाशा लावला की अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर माझा हात आपोआप जायचा. मुलींना मोसमी वारे शिकवता शिकवता मी छडीचं टोक मस्कतवर ठेवून गप्प उभी राहायची, आणि मुली आपसात हसायच्या. पण बाबांना एकटं टाकून जायचं कसं? चामटोलीला माहेरी गेले, तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तू चाललीस तं म्हातारा एकलाच ऱ्हाईल का गं घरान?" मला तिचा इतका राग आला की मी भाकरी न खाताच निघाले. रात्रंदिवस तेच तर मी स्वतःला विचारत होते.

बाबांनी डिशची सगळी विद्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातून उचलली होती. जेवताना त्यांनी भाताच्या ढिगावर वरणाची रेघ ओढून मला समजावलं. उपग्रह आकाशात एका ओळीत असतात. ती ओळ म्हणजे पूर्वेकडून चढणारी, दक्षिणेवरून जाणारी आणि पश्चिमेला उतरणारी कमान. केबलवाल्याची डिश एकाच उपग्रहाकडे तोंड करून जन्म काढते. आपली डिश मोटरवर फिरेल आणि त्या कमानीवर हवी तिथे थांबेल. मला हे फार आवडलं. डोक्यावर एवढी मोठी कमान रोज उभी आहे आणि शाळेत येता-जाता आपण तिच्याखालून चालतो, हे मला भूगोल शिकवूनही माहीत नव्हतं.

सामान आणायला आम्ही कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. सिंधी दुकानदाराने आधी बाबांची आणि मग माझी नीट पाहणी केली. "साईं, पब्लिक एक सॅटेलाईट पकडके खुश है. आपको इधर से उधर घूमने का है?"

"घूमने का है," बाबा म्हणाले.

"फिटिंग कौन करेगा? लडका है?"

"लडका बाहर है. बहू है."

दुकानदाराने हातातला लहान मोटरचा खोका मागे सरकवला आणि मोठा काढला. "तो भारीवाला ले जाओ. बहू लोग आधा काम छोडती नहीं." परतीच्या वाटेवर टेम्पोत बाबा एकटेच हसत होते. ते हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते आणि कशाला हसताहेत ते मला विचारवत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. हवा कोरडी, एमआयडीसीचा वास कमी, आणि गच्चीवरून मलंगगड धुऊन ठेवल्यासारखा स्पष्ट दिसायचा. शाळेला सुट्टी असली की आम्ही दोघं वर. जाळीच्या पाकळ्या एकमेकींना जोडायच्या, नटबोल्ट घट्ट करायचे. ज्या खिळीवर डिश फिरणार ती बाबांनी कॅम्प चारमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः लेथवर उभं राहून काढली आणि रुमालात गुंडाळून घरी आणली. शेजारपाजारच्यांनी आम्हाला चांगलंच हसून घेतलं. गच्ची सगळ्यांची होती. पापड वाळत घालायच्या जागेवर आम्ही ही परात मांडून बसलेलो.

पाकळ्या जोडून झाल्या त्या दिवशी डिश जमिनीवर उताणी पडली होती. खांबावर चढवायला माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. बाबा चहाला खाली गेले आणि मी त्या डिशमध्ये जाऊन बसले. मग आडवी झाले. आजूबाजूच्या टाक्या, तारा, कपडे सगळं कडेच्या खाली गेलं आणि नुसतं आकाश राहिलं. खालच्या रस्त्यावरचे आवाज जाळीतून गाळून आल्यासारखे बारीक येत होते. मला वाटलं, आता कुणी बटण दाबलं तर मी अशीच सावकाश कलत पश्चिमेला वळेन. डोळा लागला बहुतेक. बाबांच्या आवाजाने उठले. ते कप घेऊन उभे होते. "जाळी वाकेल," एवढंच म्हणाले, पण मी पूर्ण उठून बाहेर येईपर्यंत त्यांनी तोंड दुसरीकडे केलं होतं.

डिश खांबावर चढली, मोटर लागली. खाली टीव्हीशेजारी बटणांचा डबा ठेवला. बटण दाबलं की वर घरघर व्हायची आणि डिश मान वळवायची. पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी चांगला भक्कम खांब बघून आपली कपड्यांची दोरी थेट डिशच्या कडेला बांधली होती. मी खालून बटण दाबलं आणि त्यांच्या दोन साड्या, एक चादर आणि यजमानांचे लेंगे रांगेने पश्चिमेला निघाले. बाई वर येऊन मला म्हणाल्या, "सांगायचं तरी गं, आमचे कपडे कुठे नेतेस ते."

पूर्वेकडचे उपग्रह लगेच सापडले. चिनी बातम्या दिसल्या, कुठलातरी कुस्तीचा सामना दिसला. बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पश्चिमेला मात्र काहीच येईना. डिश त्या बाजूला वळत गेली की पडद्यावर नुसत्या मुंग्या. बाबा वर पाना घेऊन, मी खाली टीव्हीसमोर. मी खिडकीतून ओरडून सांगायची, "नाही. अजून नाही." असं कितीतरी रविवार चाललं. मला ते ओरडणं नकोसं झालं होतं. तिकडे दर शुक्रवारी नवरा विचारायचा, काय ठरलं? आणि मी सांगायची, डिशचं काम चालू आहे. तो वैतागायचा. त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

मासिकात लिहिलं होतं की डिश ज्या आसावर फिरते तो नेमका उत्तर-दक्षिण हवा. जरा तिरका झाला तर कमानीचं एक टोक सापडतं आणि दुसरं हुकतं. मी विचारलं, "बाबा, उत्तर कशावरून धरलीत?"

"कठड्यावरून," ते म्हणाले.

"होकायंत्र आणलं होतंत ना?"

"आणलं होतं. ते चुकीचं दाखवतं. स्लॅबमध्ये सळया आहेत, सुई फसते. कठडा देवघराच्या भिंतीच्या रेषेत आहे. देवघर पूर्वेला."

देवघर पूर्वेला, हे आमच्या घरातलं पहिलं वाक्य. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला चहाच्या आधी हेच दाखवलं होतं. याच्यासाठी त्यांनी म्हणे बाकीच्या जागा नाकारल्या होत्या. इथे देवासमोर बसलं की तोंड बरोबर पूर्वेला. बाबा म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक दिसला तर काम परत पाठवणारा माणूस, पण त्यांनी होकायंत्र डब्यात घालून ठेवलं आणि बायकोची पूर्व धरली. आमच्याकडे देवघरावर शंका कोण घेणार? मीही इतके आठवडे घेतली नव्हती.

दरवर्षी मी सातवीच्या वर्गाला काठीच्या सावलीवरून दिशा काढायला शिकवत होते, फळ्यावर. स्वतः कधी करून पाहिलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी आम्ही गच्चीच्या मधोमध पडद्याची दांडी उभी केली. बाबांनी ओळंबा लावून ती सरळ केली. मी दोरी धरून दांडीभोवती रांगोळीचं मोठं वर्तुळ काढलं. सकाळची लांब सावली आखडत आखडत आत आली, आणि तिचं टोक वर्तुळाला टेकलं तिथे मी हळदीचं बोट लावलं. मग वाट बघायची. दुसरं कामच नव्हतं. आम्ही टाकीच्या आडोशाला बसून शेंगा खाल्ल्या. सावली इतकी हळू सरकते की बघत राहिलं तर हलत नाही आणि जरा नजर काढली की पुढे गेलेली असते. बाबा सासूबाईंबद्दल बोलू लागले. लग्नानंतर त्या दोघांनी अंबरनाथचं जुनं शिवमंदिर पाहिलं होतं, तिथे पायऱ्या उतरताना त्या घसरल्या आणि बाबांनाच म्हणाल्या, नीट चालता येत नाही का? हे सांगून ते मूठभर शेंगा सोलत बसले. मलाही उठावंसं वाटेना. दुपार कलली तेव्हा सावलीचं टोक दुसऱ्या बाजूने वर्तुळाला टेकलं. मी दुसरं बोट लावलं. दोन बोटांमधून बाबांनी दोरी ताणली. तीच खरी पूर्व-पश्चिम.

कठडा त्या दोरीशी काटकोनात नव्हता. थोडाथोडका नाही, चांगला तिरका होता. होकायंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं.

बाबा दोरीकडे बघत राहिले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही ईशान्येला हात जोडले," ते म्हणाले.

"ईशान्यही चांगलीच असते, बाबा," मी म्हटलं.

"हिला सांगू नकोस," ते म्हणाले. सासूबाई खाली भिंतीवर हार घालून बसल्या होत्या, आणि मी खरंच त्या दिवशी फोटोसमोरून जाताना खाली बघून गेले. देवघर आम्ही होतं तिथेच ठेवलं. डिश तेवढी सरळ केली.

पश्चिमेचं चित्र आलं तेव्हा मी खाली एकटी होते. मुंग्यांमधून पांढरे झगे घातलेली माणसं दिसली, मग गेली, मग परत आली. त्यानंतर एक नकाशा आला. त्यावरची अक्षरं अरबी, मला एकही वाचता येईना, पण तो किनारा मी ओळखला. रोज छडी ठेवायची तोच. खिडकीतून ओरडून सांगायचं विसरून मी पडद्यासमोरच उभी राहिले. शेवटी बाबाच खाली आले, हातात पाना, कपाळाला ग्रीस. आम्ही उभ्यानेच ते हवामान बघितलं.

पुढे तो रोजचा नेम झाला. जेवणाच्या वेळेला बटण दाबायचं, डिश मलंगगड ओलांडून पश्चिमेला वळायची आणि तिकडच्या आकाशाकडे टक लावून राहायची. चित्र कधीच धड नसे, त्यावर थोड्या मुंग्या कायम फिरत. बाबांनी अरबी अंक शिकून घेतले. मस्कतच्या ठिपक्यापुढचा आकडा ते आधी वाचायचे आणि मग मला सांगायचे. एकदा आकडा ऐकवून ते म्हणाले, "टोपी घालत असेल का हा?" मुलाबद्दल असं काही त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलं नव्हतं. आता आम्ही बोलायला लागलो होतो. वाऱ्यावर बोलायचो, धुळीवर, तिकडे भाजी काय मिळत असेल यावर. मला सुखाचं वाटायचं, आणि त्या सुखानेच माझा पाय आणखी घरात रुतत होता. आता तर यांना सोडून जाणं शक्यच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मार्चमध्ये एका दुपारी टीव्ही लावलेला असताना चित्र मुंग्यांमध्ये विरून गेलं. मी घाबरले. बाबा मात्र घाईने जिना चढून वर गेले, मी मागोमाग. डिश पश्चिमेकडे तोंड करून उन्हात उभी होती. तिच्या तोंडासमोर, दांड्यांवर बसवलेल्या नळकांड्याची गोल सावली डिशच्या बरोबर मध्यावर पडली होती. त्या वेळेला सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्यापुढे उपग्रहाचं काही चालत नाही. सूर्य, उपग्रह आणि आमची गच्ची एका रेषेत आली होती.

"डिश नेमकी बसली," बाबा म्हणाले. सावली मध्यावरून सरकेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तू जा."

"कुठे?"

"मस्कतला. त्या दिवशी फोनवर बघू म्हणालीस, ते मी ऐकलं. तो गेला तेव्हा इथे तू होतीस. तू गेल्यावर मला काहीतरी दिसायला हवं ना? म्हणून तर एवढा खटाटोप केला."

मी म्हटलं, "बाबा, मला वाटलं तुम्हाला तो दिसावा म्हणून."

"त्याला काय बघायचंय?" ते म्हणाले, आणि पाना उचलून उगाचच एक घट्ट असलेला नट पुन्हा घट्ट करू लागले. मी कठड्याला टेकून रडले. त्यांनी रडू दिलं.

मी गेले. मस्कतच्या आमच्या घरातून दर शुक्रवारी आम्ही फोन लावायचो आणि बाबा नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात करायचे, "आज तुमच्याकडे एकेचाळीस. दुपारी बाहेर पडू नका." मी अजून पडदाही सरकवलेला नसायचा. नवरा हसायचा, म्हणायचा, आपलं ऊन आपल्याला अंबरनाथहून कळतं. धुळीचं वादळ येणार असेल तर ते कपडे आत घ्यायला सांगायचे, आणि मी खरंच उठून घ्यायची. परक्या गावात मला कधी परकं वाटलं नाही. कुणीतरी सतत आपल्या डोक्यावरचं आकाश बघतंय, हे मनात असायचं. अशी दोन-तीन वर्षं गेली.

मग एका हिवाळ्यात तिकडे पाऊस लागला. तिथे पाऊस म्हणजे अप्रूप, पण हा थांबेचना. गावातून जाणारी कोरडी नदी भरून आली, रस्त्यावर गाड्या तरंगल्या. बाबा बघायचे त्याच वाहिनीवर गुरुवारपासून दुसरं काही नव्हतं, नुसतं पाणी. शुक्रवारी मी खिडकीशी उभी राहून फोन लावला.

"आज छान ऊन आहे तुमच्याकडे," बाबा म्हणाले. "एकोणतीस. वारा नाही. फिरून या कुठेतरी."

माझ्यासमोर काचेवरून पाणी वाहत होतं. पाठीमागे टीव्हीवर तेच पाणी. मी सावकाश विचारलं, "बाबा, चित्र नीट येतंय ना?"

"येतंय की. अगदी स्वच्छ. एक मुंगी नाही."

मागचे कितीतरी शुक्रवार मला आठवले. एकही आकडा वावगा नव्हता. त्या त्या महिन्यात असावा तसाच प्रत्येक आकडा. त्या वाहिनीने केव्हातरी उपग्रह बदलला असणार, आणि बाबांनी डिश इकडेतिकडे फिरवून पाहिली असणार, एकट्याने, खाली ओरडून सांगायला कुणी नसताना. आणि मग शुक्रवार आला असणार, आणि आम्हाला सांगायला आकडा तर हवा होता.

"खरंय बाबा," मी म्हटलं. "मस्त ऊन पडलंय."

फोन ठेवला तेव्हा नवरा स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन आला. मी त्याला सांगितलं, आपण परत जायचं. तो म्हणाला, "करार संपायला अजून वर्ष आहे."

"तू ये मागाहून," मी म्हटलं. "मी पुढे होते."